ऑथेल्लो सिलॅबसला लागलंय? मग सुरुवात अशी करा

बीए-एमएला शेक्सपिअरचं ऑथेल्लो लागलं की बहुतेक जण आधी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन कुणाच्या तरी नोट्स घेऊन येतात. त्यात पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं की हे मत्सराचं नाटक आहे, हिरोचा ट्रॅजिक फ्लॉ (म्हणजे त्याला बुडवणारा स्वभावदोष) म्हणजे मत्सर, झालं, संपला अभ्यास. हे चूक नाहीये पण अर्धं आहे. मत्सर काय, कुणालाही होतो. पण ज्याचं अख्खं आयुष्य लढायांत गेलं, जो भर रात्री तलवारी उपसलेल्या लोकांना दोन वाक्यांत गप्प करतो असा शांत डोक्याचा सेनापती एका रुमालावरून बायकोचा जीव घ्यायला निघतो ते नुसत्या मत्सरानं होत नाही. तो परका आहे, काळा आहे, आपल्यातला नाही, हे व्हेनिसनं आधीच ठरवून टाकलंय आणि कुठेतरी ते त्यालाही पटलंय. मत्सर आणि पूर्वग्रह हे दोन वेगवेगळे मुद्दे म्हणून वाचले की नाटक हातातून सुटतं, ते एकमेकांत कुठे मिसळतात तेवढं शोधायचं. खाली जे सांगतोय ते सगळं त्यासाठीच.

पहिलं काम, पुस्तक नीट निवडा

सोप्या इंग्रजीत करून दिलेलं नाटक शेजारी ठेवा हवं तर, पण तेवढंच वाचू नका. ओळींना नंबर आणि खाली टिपा असलेली आवृत्ती घ्या. आर्डेनची होनिगमन यांनी संपादित केलेली, ऑक्सफर्डची मायकेल नील यांची, केम्ब्रिजची नॉर्मन सँडर्स यांची, तिन्ही चांगल्या आहेत, कॉलेजच्या लायब्ररीत एखादी तरी मिळावी. पैसे घालवायचे नसतील तर फोल्जर लायब्ररीच्या साइटवर अख्खं नाटक फुकट आहे.

आवृत्तीचं एवढं का सांगतोय तर हे नाटक दोन रूपांत आपल्यापर्यंत आलंय. शेक्सपिअर 1616 मध्ये गेला, नाटक छापलं गेलं 1622 मध्ये, त्याला क्वार्टो म्हणतात, आणि पुढच्याच वर्षी 1623 मध्ये फर्स्ट फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित ग्रंथात, परत छापलं गेलं. फोलिओत साधारण 160 ओळी जास्त आहेत आणि त्या किरकोळ नाहीत, ऑथेल्लोची बायको डेस्डेमोना हिच्या विलोच्या गाण्याचा बराचसा भाग आणि तिच्या सोबतीची एमिलिया हिचं नवऱ्यांवरचं जबरदस्त भाषण त्यातच येतं. उलट क्वार्टोत देवाच्या नावानं घातलेल्या शिव्या-शपथा जास्त आहेत, कारण 1606 च्या कायद्यानं रंगभूमीवर त्यांना बंदी आली होती आणि फोलिओत त्या गाळलेल्या दिसतात. त्यामुळे सरांच्या पुस्तकात एक ओळ आणि तुमच्या पुस्तकात दुसरी असं झालं तर गोंधळू नका. शेवटच्या भाषणात ऑथेल्लो स्वतःची तुलना मोती फेकून देणाऱ्या एका माणसाशी करतो, तो माणूस क्वार्टोत 'इंडियन' आहे आणि फोलिओत 'ज्युडियन' (म्हणजे ज्यूंच्या जुडियातला), म्हणजे एक-दोन अक्षरं इकडची तिकडे झालीयत आणि त्यावर विद्वानांची भांडणं अजून चालू आहेत.

दुसरं, गोष्ट आधीच माहीत करून घ्या

सस्पेन्स जाईल अशी काळजी करू नका, खलनायक इयागो स्वतःच प्रेक्षकांना दर थोड्या वेळानं पुढे काय करणार ते सांगत असतो. थोडक्यात अशी की ऑथेल्लो हा मूर (म्हणजे उत्तर आफ्रिकेकडचा), व्हेनिसच्या नोकरीतला सेनापती. ब्रबांशिओ नावाच्या सिनेटरची मुलगी डेस्डेमोना त्याच्याशी गुपचूप लग्न करते. बढती कॅसिओ या दुसऱ्या अधिकाऱ्याला मिळाली म्हणून ऑथेल्लोच्या हाताखालचा इयागो चिडलेला. सगळे सायप्रसला जातात, तिथे इयागो आधी कॅसिओला दारू पाजून त्याची नोकरी घालवतो, मग नोकरी परत मिळवायला डेस्डेमोनाकडे पाठवतो आणि मग ऑथेल्लोला म्हणतो, बघा, तुमची बायको त्याच्यासाठी एवढी का रदबदली करते. शेवटी ऑथेल्लो तिला मारतो, इयागोचीच बायको एमिलिया सगळं उघडं पाडते, इयागो तिला मारतो, ऑथेल्लो स्वतःला संपवतो.

इतिहासाचं फार ओझं घेऊ नका. एवढं पुरे की नाटक 1603-04 च्या सुमाराला लिहिलं, 1 नोव्हेंबर 1604 ला राजदरबारात प्रयोग झाल्याची नोंद आहे, आणि सायप्रस खरोखरच व्हेनिसच्या ताब्यात होतं, ते 1570-71 मध्ये ऑटोमन तुर्कांनी घेतलं. म्हणजे त्या काळच्या लंडनकराला सायप्रस म्हटलं की हातातून जाणारी जागा आठवत असणार. आणि 1600 मध्ये मोरोक्कोच्या सुलतानाचा राजदूत मोठ्या लवाजम्यासकट लंडनला येऊन राहिला होता, तेव्हा 'मूर' हे लंडनच्या लोकांनी निव्वळ पुस्तकात वाचलेलं प्रकरण नव्हतं.

मूळ गोष्ट जिराल्दी चिंथिओ या इटालियन लेखकाची, 1565 ची. त्यात नाव फक्त डेस्डेमोनाला आहे, बाकीचे नुसते मूर, निशाणवाला, कॅप्टन. तिथे तो निशाणवाला (म्हणजे आपला इयागो) तिच्यावर भाळलेला असतो आणि ती त्याच्याकडे लक्षच देत नाही म्हणून सूड घेतो. शेक्सपिअरनं हे सरळ कारण जवळजवळ काढूनच टाकलं, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तिसरं, पहिला अंक पेन्सिल घेऊन वाचा

पहिल्या प्रवेशात एक यादी करा, ऑथेल्लोला कोण काय म्हणतं. नाव कुणीच घेत नाही. 'तो', 'मूर', जाड ओठांचा, म्हातारा काळा मेंढा, बार्बरीचा (म्हणजे उत्तर आफ्रिकेचा) घोडा. इयागो आणि डेस्डेमोनावर भाळलेला रॉडरिगो अंधारात ब्रबांशिओच्या खिडकीखाली ओरडतायत आणि प्रेक्षकांच्या डोक्यात एक चित्र तयार होतंय. मग दुसऱ्या प्रवेशात माणूस प्रत्यक्ष येतो आणि तो या चित्राच्या अगदी उलटा निघतो, हळू बोलणारा, रुबाबदार. नाव पहिल्यांदा कानावर पडतं ते थेट तिसऱ्या प्रवेशात, व्हेनिसच्या ड्यूकच्या, म्हणजे राज्यप्रमुखाच्या तोंडून, तेही तुर्कांशी लढायला त्याची गरज आहे म्हणून.

तिसऱ्या प्रवेशात ब्रबांशिओकडे बघा. हा माणूस ऑथेल्लोला घरी बोलवायचा, त्याच्या लढायांच्या गोष्टी आवडीनं ऐकायचा. पाहुणा म्हणून चालतो, जावई म्हणून नाही. (हे वाचताना आपल्याकडच्या आंतरजातीय लग्नांची आठवण येत नसेल असा मराठी विद्यार्थी मला अजून भेटायचाय.) त्याचं म्हणणं असं की माझ्या मुलीनं या माणसावर प्रेम करणं निसर्गाच्या विरुद्ध आहे, तेव्हा जादूटोणाच झाला असणार. आणि ड्यूक ऑथेल्लोची बाजू घेताना काय म्हणतो, तर तुझा जावई काळ्यापेक्षा गोराच जास्त आहे. म्हणजे कौतुक करायचं तरी त्याच मापानं. जाता जाता ब्रबांशिओ एक ओळ टाकून जातो, तिनं बापाला फसवलं, तुलाही फसवेल. तिच्याखाली जाड रेघ मारा.

चौथं, अंक 3 प्रवेश 3, इथे थांबायचं

वेळ कमी असेल तर बाकी भराभर वाचा पण इथे नाही. हा प्रवेश पावणेपाचशेच्या आसपास ओळींचा आहे. सुरुवातीला ऑथेल्लो बायकोवर जीव टाकतोय आणि संपताना तिला मारायचं ठरवतोय. हे होतं कसं ते ओळीओळीनं बघायचं. मित्राला किंवा मैत्रिणीला बसवा, एकानं इयागो वाचायचा एकानं ऑथेल्लो, मोठ्यानं, कारण डोळ्यांनी वाचताना हे कळतच नाही.

कॅसिओ डेस्डेमोनाशी बोलून निघून जातो, ऑथेल्लो येताना दिसतो आणि इयागो पुटपुटतो, हा, हे मला आवडलं नाही. ऑथेल्लो विचारतो काय म्हणालास, तर म्हणे काही नाही. थोड्या वेळानं इयागो सहज विचारतो की तुमचं जमत होतं तेव्हा कॅसिओला माहीत होतं का. ऑथेल्लो म्हणतो हो, का रे? असंच विचारलं. ऑथेल्लो सांगतो, तो आमच्यात निरोप न्यायचा. इयागो म्हणतो, 'इन्डीड!' बस, एवढंच. आता ऑथेल्लो विचारतो, का, तो प्रामाणिक नाही का? 'ऑनेस्ट, माय लॉर्ड?' हो, प्रामाणिक. तुला काय वाटतं? 'थिंक, माय लॉर्ड?' शेवटी ऑथेल्लोच वैतागून म्हणतो की हा माझेच शब्द मला परत देतोय, जणू याच्या मनात एखादा राक्षस दडलाय. इयागोनं इथे अजून एकही खोटं वाक्य उच्चारलेलं नाहीये! आरोप सोडाच, माहितीसुद्धा दिलेली नाही. उलट मत्सरापासून सांभाळा, तो हिरव्या डोळ्यांचा राक्षस असतो, असा सल्लाही तोच देतो.

मग खरं काम सुरू होतं. इयागो म्हणतो, 'आमच्या' देशातल्या बायका मला माहितीयेत, नवऱ्यांना जे दाखवत नाहीत ते देवाला दाखवतात. आमच्या, म्हणजे तू बाहेरचा, तुला काय कळणार. लगेच पुढे, तिनं तुमच्याशी लग्न करताना बापाला फसवलंच होतं ना. ती ब्रबांशिओची ओळ आठवली? तीच ही. ऑथेल्लो म्हणतो, हो, फसवलं होतं खरं.

आणि आता माझ्या मते अख्ख्या नाटकातली सगळ्यात महत्त्वाची जागा. ऑथेल्लो स्वतःहून म्हणतो, तरीसुद्धा, निसर्ग आपला रस्ता सोडून कसा... वाक्य अर्धंच आहे. इयागो झडप घालतो, हां, हाच तर मुद्दा, स्वतःच्या देशाची, रंगाची, दर्जाची एवढी स्थळं सोडून तिला असं का वाटावं? बघा, निसर्गाच्या विरुद्ध हे पहिल्या अंकात ब्रबांशिओचं मत होतं, आता ते ऑथेल्लोच्याच तोंडी आलंय. दही लागायला विरजण चमचाभरच पुरतं पण दूध कोमट असावं लागतं, आणि इथे दूध व्हेनिसनं केव्हाच कोमट करून ठेवलंय. इयागो गेल्यावर ऑथेल्लो एकटा असताना कारणं मोजतो, मी काळा आहे म्हणून, दरबारी लोकांसारखं गोडगोड बोलता येत नाही म्हणून, वय उतरणीला लागलं म्हणून. तिन्ही कारणं त्याच्या स्वतःबद्दलची आहेत, डेस्डेमोना काय करते-बोलते याचा एकही पुरावा त्यात नाही. पुढे तर तो म्हणतो की माझं नाव आता माझ्या तोंडासारखं मळकट, काळं झालंय. घाण कशी दाखवायची तर स्वतःच्या चेहऱ्याचीच उपमा. पूर्वग्रह आणि मत्सर वेगळे करता येत नाहीत म्हणतात ते इथे, आणि परीक्षेत ही एक ओळ नीट समजावून सांगितलीत तरी पेपर तपासणारा मान वर करून बघेल.

प्रवेशाच्या शेवटी दोघं गुडघ्यावर बसून शपथ घेतात आणि इयागो म्हणतो, मी कायमचा तुमचा. लग्नाच्या विधीसारखंच दिसतं ते, स्टेजवर बघाल तेव्हा अंगावर येतं.

भाषा कशी घसरते तेही बघत जा. बोकड, माकडं, असली जनावरं आधी इयागोच्या बोलण्यात असतात, ती हळूहळू ऑथेल्लोच्या तोंडी यायला लागतात. चौथ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात त्याची ती डौलदार पद्यरचना मोडून तुटक गद्य होतं, रुमाल, कबुलीजबाब, रुमाल असं बरळत तो फिट येऊन पडतो. त्याच प्रवेशात व्हेनिसच्या पाहुण्यांसमोर बायकोच्या तोंडात मारतो आणि जाताना 'गोट्स अँड मंकीज' ओरडतो.

पाचवं, रुमालाचा प्रवास लिहून काढा

एका कागदावर बाण काढत जा. ऑथेल्लोकडून डेस्डेमोनाकडे, तिच्या हातून तो पडतो (तो पडतो कसा हे बघा, नवऱ्याचं डोकं दुखतंय म्हणून ती बांधायला जाते, तो झिडकारतो), एमिलिया उचलते, इयागोला देते, तो कॅसिओच्या खोलीत टाकतो, कॅसिओ त्याच्या मैत्रिणीला, बियांकाला देतो नक्षी उतरवून घ्यायला. तिसऱ्या अंकात ऑथेल्लो सांगतो की हा रुमाल माझ्या आईला एका इजिप्शियन बाईनं दिला, त्यात जादू आहे. शेवटच्या प्रवेशात तोच म्हणतो, माझ्या बापानं आईला दिलेला. मग आधी तो बायकोला घाबरवत होता की शेवटी चुकून बोलला? ठरवायचं तुम्ही, पण दोन्ही जागा दाखवून. टॉमस रायमर नावाच्या समीक्षकानं 1693 मध्ये एवढा गाजावाजा एका रुमालावरून म्हणून या नाटकाची यथेच्छ टिंगल केली होती. वाचा, मजा येते, पण त्याला मुद्दा कळला नव्हता असं माझं मत, पुरावा क्षुल्लक असणं हाच तर मुद्दा आहे.

काळाचा घोळ एका परिच्छेदात उरकतो. सायप्रसला उतरल्यापासून खुनापर्यंत धड दोन दिवसही होत नाहीत, आणि तिथे जाताना कॅसिओ आणि डेस्डेमोना वेगवेगळ्या जहाजांवर होते, म्हणजे भानगड व्हायला वेळच नाही. तरी बियांका कॅसिओला म्हणते, आठवडाभर आला नाहीस. याला डबल टाइम म्हणतात. प्रेक्षकाला बसल्या जागी ते जाणवत नाही, एवढं लिहिलं तरी चालतं.

सहावं, बायकांचा प्रवेश सोडू नका

अंक 4 प्रवेश 3. नोट्समध्ये याला दोन ओळी मिळतात. डेस्डेमोना झोपायची तयारी करतेय, एमिलिया मदत करतेय, दोघी बोलतायत. डेस्डेमोना आईच्या एका दासीचं गाणं म्हणते, त्या दासीचं नाव बार्बरी. पहिल्या अंकात बार्बरीचा घोडा कुणाला म्हटलं होतं ते आठवा. मग एमिलिया म्हणते की नवऱ्यांना कळू दे, बायकांनाही त्यांच्यासारखीच इंद्रियं असतात, त्यांनाही गोड-आंबट कळतं. हीच एमिलिया, जिनं नवऱ्याला खूश करायला रुमाल उचलला आणि नंतर डेस्डेमोना शोधत असताना गप्प राहिली. शेवटच्या प्रवेशात इयागो तिला घरी जा म्हणून दटावतो तरी ती बोलायची थांबत नाही, त्यात जीव जातो तिचा. कॅरेक्टर स्केच कुणावर लिहायचं अशी चॉइस असेल तर हिच्यावर लिहा, सगळे इयागोवर लिहितात.

इयागोचं म्हणाल तर कवी-समीक्षक कोलरिजचं 'मोटिव्हलेस मॅलिग्निटी' (कारणाशिवायचा दुष्टपणा) हे सगळ्यांना पाठ असतं. ते लिहाच, पण पुढे त्याची स्वतःची कारणं जागेसकट लिहा. बढती हुकली (1.1, म्हणजे अंक 1 प्रवेश 1), एमिलियाचं ऑथेल्लोशी काहीतरी असल्याचा संशय (1.3 आणि 2.1), तोच संशय कॅसिओवरही (2.1), शिवाय डेस्डेमोना आपल्याला आवडते असंही मधेच म्हणतो, आणि पाचव्या अंकात कॅसिओच्या जगण्यात जे सौंदर्य आहे त्यानं मी कुरूप ठरतो. एवढी कारणं देतो की एकावरही विश्वास बसत नाही. चिंथिओचं सरळ कारण शेक्सपिअरनं का काढलं असेल ते आता बघा. आणि पकडल्यावर म्हणतो, मला काही विचारू नका, जे कळलंय ते कळलंय, यापुढे मी एक शब्द बोलणार नाही. नाटकात सगळ्यात जास्त ओळी याच्या वाट्याला, ऑथेल्लोपेक्षाही जास्त, आणि शेवट असा.

समीक्षेत दोनच टोकं धरा सुरुवातीला. 1904 चा ब्रॅडली, त्याला ऑथेल्लो उदात्त वाटतो आणि दोष इयागोचा. 1937 चा लीव्हिस, तो म्हणतो ऑथेल्लो स्वतःच्याच प्रेमात आहे, इयागोला फार काही करावंच लागलं नाही. तुमचं मत या दोघांच्या मधे कुठे बसतं ते लिहा, बाकी नावांची जंत्री नको.

सातवं, बघा, पण वाचून झाल्यावर

1995 चा लॉरेन्स फिशबर्न आणि केनेथ ब्रॅनाचा सिनेमा सुरुवातीला बरा. 1965 चा लॉरेन्स ऑलिव्हिएचाही बघा पण तिथे गोऱ्या नटानं तोंड काळं केलंय, आणि आज ते बघताना कसंतरी होतं. ही भूमिका कुणी केली हा या नाटकाच्या अभ्यासाचाच भाग आहे. आयरा ऑल्ड्रिज या कृष्णवर्णीय नटानं 1833 मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला ऑथेल्लो केला, पॉल रोबसननं 1943 मध्ये ब्रॉडवेवर, त्याचे 296 प्रयोग झाले. 1987 मध्ये वर्णभेदाच्या काळात जोहान्सबर्गच्या मार्केट थिएटरला जॅनेट सुझमननं जॉन कानीला घेऊन हे नाटक केलं, तिथे नुसतं काळ्या नटानं गोऱ्या नटीला स्टेजवर जवळ घेणं हीच केवढी गोष्ट होती.

प्रोजेक्टला विषय हवा असेल तर आपल्याकडे भरपूर आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी 1867 मध्ये हे नाटक मराठीत आणलं, देवलांचा 'झुंझारराव' 1890 चा. व्हेनिसमधला रंगाचा प्रश्न मराठीत आला की त्याचं काय होतं हे मूळ नाटक शेजारी ठेवून तपासा. 2006 चा 'ओमकारा' तर सगळ्यांनी बघितलेला असतो, तिथे रंगाच्या जागी जात येते आणि रुमालाच्या जागी कमरबंद. मात्र पेपरात ओमकारातले प्रसंग ऑथेल्लोच्या नावावर खपवू नका, दरवर्षी कुणीतरी खपवतंच.

उत्तर लिहिताना गोष्ट सांगत बसू नका, तपासणाऱ्याला ती माहितीये. प्रश्न कुठलाही येवो, रुमाल, इयागो, ऑथेल्लो उदात्त की मूर्ख, घरगुती शोकांतिका, प्रत्येकासाठी नाटकातल्या तीन जागा आधीच ठरवून ठेवा आणि त्यातली एक 3.3 मधली असू द्या. अवतरणं पाच-सहाच पाठ करा, तीही छोटी. 'आय अ‍ॅम नॉट व्हॉट आय अ‍ॅम', 'हॅप्ली फॉर आय अ‍ॅम ब्लॅक', 'ऑथेल्लोज ऑक्युपेशन्स गॉन', 'गोट्स अँड मंकीज' आणि डेस्डेमोनाचं मरतानाचं 'नोबडी, आय मायसेल्फ', एवढ्यात बहुतेक प्रश्न निघतात. ओळ नीट आठवत नसेल तर अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा पण अंक आणि प्रवेशाचा नंबर मात्र बरोबर घाला.